नोझलवरचं मेण

श्रीपादराव बिवलकरांकडे उसनं मागायला कुणीही जावं. मिक्सर मिळायचा, स्कूटर मिळायची, एकदा तर शेजारच्या लग्नाला त्यांचा कोट गेला आणि कॉलरवर आमरसाचा डाग घेऊन परत आला, तरी हा माणूस हूं की चूं बोलला नाही. फक्त एअरब्रश मागायचा नाही. माधव नगरातल्या घराच्या वरच्या खोलीत, काचेच्या कपाटात, मलमलीत गुंडाळून तो ठेवलेला असे, आणि त्याला श्रीपादरावांखेरीज कुणाचा हात लागत नसे.

एअरब्रश म्हणजे जाड पेनाएवढी पिचकारी. मागून कॉम्प्रेसरची हवा येते, वरच्या इवल्या वाटीत रंग असतो, आणि आतली सुई मागे सरकली की पुढच्या नोझलमधून रंगाची वाफ निघते. ब्रशचा फराटा न उमटता खेळण्याएवढ्या गाडीला खऱ्या गाडीचा रंग चढतो. पण ही वस्तू नव्या जावयासारखी, कशावरून रुसेल सांगता येत नाही. नोझल तांदळाच्या दाण्याएवढं, त्याचे आटे जेमतेम दिसणारे. तिथून हवा निसटली की रंग थुंकायला लागतो. त्यावर श्रीपादरावांचा उपाय होता मधमाश्यांचं मेण. मुगाएवढं मेण घ्यायचं, बोटावर मऊ करायचं, आट्यांवर दोन वेढे द्यायचे आणि नोझल हलक्या हाताने बसवायचं. काम संपलं की मेण पुसून टाकायचं, नाहीतर ते धूळ धरतं. ब्रश कपाटात जाणार तो कोरडा, हा नियम त्यांनी बावीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता.

मेण यायचं देवघरातून. त्यांच्या आई कपाळावर आधी मेण आणि त्यावर कुंकू लावत. आई गेल्या, त्यांची मेणाची चांदीची डबी देवघरात राहिली. तिला प्रतिभाबाई आंघोळीनंतरच हात लावत. नवऱ्याला मेण लागलं की त्या स्वतः काढून देत, कारण रंगाच्या हातांनी देवघरात शिरलेलं त्यांना चालत नसे.

हे सगळं आणखी एकाच माणसाला ठाऊक होतं, गोपाळ पागनीसला. पागनीस म्हणजे शिंद्यांच्या फौजेबरोबर महाराष्ट्रातून इकडे आलेले जुने लोक, बिवलकर मात्र रेल्वेच्या नोकरीपायी वडिलांच्या वेळी जळगावाकडून इकडे आलेले. त्यावरून गोपाळ चाळीस वर्षं चिडवत होता, "तुम्ही तिकीट काढून आले, आम्ही घोड्यावर बसून आलो." तोही मॉडेल करायचा, विमानं. त्याचा स्वतःचा ब्रश होता, पण तो दर वर्षी बदलायचा, कारण गोपाळला कुठलीही गोष्ट हलकी बंद करता येत नसे. त्याने झाकण लावलेली लोणच्याची बरणी उघडायला पान्हा लागतो, असं प्रतिभाबाई म्हणत.

श्रीपादरावांची सगळी हयात बिजली बोर्डाच्या मीटर तपासणीत गेली. चौतीस वर्षं खोटं बोलणारी मीटरं त्यांनी पकडली. निवृत्त झाल्यावर एकच काम हातात घेतलं, आगरला जाणाऱ्या छोट्या, अरुंद रुळांवरच्या आगगाडीचं इंजिन. ती गाडी कायमची बंद झाली तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. वडील तिच्यावर फायरमन होते, शनिवारी मुलाला सोबत चढवायचे. वडिलांचा फोटो घरात एकच होता आणि त्यात ते कुणाच्या तरी लग्नात अवघडून उभे होते. कोळशाने काळे झालेले, हसणारे वडील फक्त त्या इंजिनाशेजारी आठवत. म्हणून साडेतीन वर्षं खपून श्रीपादरावांनी दीड वितीचं इंजिन उभं केलं. पितळेचा पत्रा कापला, रिव्हेट एकेक ठोकले. राहिला होता रंग. धुराखाली दबलेला, जवळजवळ काळा असा हिरवा. तो कुठल्या बाटलीत मिळत नव्हता, तो फक्त त्यांच्या डोळ्यांत होता.

आणि नेमके डोळेच आले आडवे. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू. डॉक्टरांनी मे महिन्यातली तारीख दिली. श्रीपादराव हट्टाला पेटले, ऑपरेशनच्या आधीच रंग द्यायचा. न जाणो नंतर काय होईल. एका रविवारी खोलीत बसून त्यांनी हिरवा कालवला, थोडा निळा, थोडा काळा, पुन्हा थोडा निळा, मनातला रंग जुळेपर्यंत. इंजिन रंगवलं, ब्रश धुतला, मेण पुसलं, मलमलीत गुंडाळून ठेवला. खाली येऊन प्रतिभाबाईंना म्हणाले, "झालं. आता डोळे गेले तरी चालतील." प्रतिभाबाई वर जाऊन बघून आल्या आणि म्हणाल्या, छान झालंय.

एक डोळा झाला, पंधरा दिवसांनी दुसरा. महिनाभर काळा चष्मा, जिना चढायचा नाही, थिनरचा वास घ्यायचा नाही. गोपाळ रोज दुपारी येऊन पेपर वाचून दाखवायचा. जाताना म्हणायचा, "वहिनी, किल्ली द्या, वरच्या खिडक्या उघडून येतो. कोंडल्यानं लोखंड गंजतं." पुढे पुढे किल्ली त्याच्याकडेच राहू लागली. श्रीपादरावांना भरून यायचं. असा मित्र आजकाल मिळतो कुठे?

चष्मा निघाला त्या दिवशी ते पहिल्यांदा वर गेले. खिडकीतून ऊन आलं होतं आणि त्यात इंजिन उभं होतं. हिरवा तोच होता, शनिवारचा. श्रीपादराव स्टुलावर बसले आणि रडले, डॉक्टरांनी मनाई केली होती तरी.

मग सुरू झालं त्यांचं मिरवणं. एरवी बोलायला पैसे पडतात असं वागणारा हा माणूस टावर चौकात पोह्यांच्या प्लेटा थंड करून लोकांना सांगू लागला, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, समोरचा माणूस दिसत नव्हता, पण हात चुकला नाही." महाराष्ट्र समाजाच्या बैठकीत सांगितलं, भाजीवाल्याला सांगितलं, डॉक्टरांना जाऊन सांगितलं. डॉक्टर म्हणाले, आश्चर्य आहे. गोपाळ शेजारी उभा असायचा. लोक त्याच्याकडे बघायचे, तेव्हा तो म्हणायचा, "हाताचं वळण आहे भाई, डोळ्यांचं काय काम." गणपतीतल्या प्रदर्शनात इंजिन मधल्या टेबलावर ठेवायचं समाजाने ठरवून टाकलं.

प्रदर्शनाला आठ दिवस होते. श्रीपादरावांना वाटलं, इंजिनामागे कोळशाचा एक डबाही असावा. त्यांनी डबा केला आणि ब्रश बाहेर काढला. वाटीत काळा रंग ओतून खटका दाबला, तर वाटीतच बुडबुडे यायला लागले, चुलीवरच्या आधणासारखे. नोझल दोनदा थुंकलं आणि गप्प झालं.

बुडबुडे म्हणजे हवा पुढे जायच्या ऐवजी उलटी रंगात शिरते आहे. श्रीपादराव घाबरले नाहीत. मीटर असो की ब्रश, क्रमाने जायचं. आधी रंग पातळ करून पाहिला, बुडबुडे तसेच. सुई बाहेर काढून काचेवर लोळवली, ती सरळ लोळली, म्हणजे टोक वाकलं नव्हतं. मग नोझल काढायला गेले तर ते हलेना. त्यांनी स्वतः बसवलेलं नोझल चिमटीने सुटायचं. ह्याला पान्हा लावावा लागला. सुटल्यावर तपासणीतलं जुनं भिंग डोळ्याला लावलं. नोझलच्या कडेला केसाएवढी चीर होती. कुणीतरी एक वेढा जास्त पिळला होता.

आणि आट्यांवर मेण होतं. दोन वेढे, नीटस, त्यांनीच शिकवल्यासारखे.

श्रीपादराव बराच वेळ ते भिंगातून बघत राहिले. नोझल मी पिळत नाही. मेण मी पुसलं होतं. ज्याने हे काम केलं तो सगळं शिकलेला होता, फक्त हाताने जड होता. आडदांड माणूस असता तर मेण लावायचं त्याला सुचलं नसतं आणि त्याचा पत्ता लागला नसता. आणि हे मेण देवघरातलं. ते कुणी आपल्या हाताने घेत नाही, मागावं लागतं.

खोलीत रंगवण्यासारखी वस्तू एकच होती. त्यांनी इंजिन उचललं आणि उताणं केलं. चाकांच्या मागे, पट्ट्यांच्या आत, जिथे इंजिन उताणं केल्याखेरीज फवारा पोचत नाही, तिथे दुसरा रंग होता. निळा. लग्नातल्या बँडच्या गाडीसारखा झगझगीत निळा. मोतीबिंदूच्या पिवळ्या पडद्याआडून त्यांना जो हिरवा वाटला होता, तो हा. वडिलांच्या इंजिनाला त्यांनी असला रंग दिला होता.

ते खाली आले. प्रतिभाबाई कोथिंबीर निवडत होत्या.

"मे महिन्यात गोपाळला मेण तू दिलंस?"

"कसलं मेण?" त्या म्हणाल्या, पण हातातली काडी हातातच राहिली. मग त्यांनी परात बाजूला सारली. "अहो, तो रंग बघवत नव्हता. मी घाबरली. पट्टी निघाल्यावर तुम्ही तो बघितला असता तर काय झालं असतं? भाऊजींना मीच बोलावलं. डोळे चांगले असताना तुम्ही डाव्या बाजूला मारून बघितलेला रुपयाएवढा हिरवा निळ्यातून सुटला होता, तो बघून, तुमच्या रंगांच्या वहीतलं वाचून वाचून त्यांनी रंग जुळवला. त्यांचा ब्रश मोडला होता, म्हणून तुमचाच घेतला. तुमचा डोळा लागल्यावर चार दुपारी बसले होते."

"म्हणजे मी खाली पडून पेपर ऐकायचो, आणि नंतर तो वर जाऊन..."

"तुमच्यासाठीच केलं ना."

"आणि मी गावभर सांगत फिरलो. तेव्हा तू एकदा तरी मला घरात थांबवायचंस."

प्रतिभाबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि श्रीपादरावांना पहिल्यांदाच त्याची दया आली नाही.

संध्याकाळी गोपाळ आला. टेबलावर मलमलीच्या तुकड्यावर चीर गेलेलं नोझल पाहून तो दारातच थांबला.

"जास्त आवळलं गेलं का रे?" तो म्हणाला. एवढं तरी खरं बोलला.

"तुझा हात कधीपासून हलका होणार होता?"

"श्रीपाद, टेंशन नको घेऊ यार. मी सांगणारच होतो. पण तू चष्मा काढून डायरेक्ट टावर चौकात शुरू झाला. इतका खूश मी तुला नोकरी लागली तेव्हा पण नाही पाहिला. मग कोणत्या तोंडानं सांगू?"

"हाताचं वळण आहे, हे कोणत्या तोंडानं सांगितलंस?"

"पत्रा तुझा, रिव्हेट तुझे. खोटं काय बोललो?"

"लोक रंगाबद्दल विचारत होते, गोपाळ." श्रीपादरावांचा आवाज चढला नाही. "रंग वाईट झाला होता, मान्य. तू सांगितलं असतंस तर चार शिव्या दिल्या असत्या, महिनाभर तोंड बघितलं नसतं, आणि पुन्हा बसून रंगवलं असतं. आता डोळे आहेत मला. तुम्ही दोघांनी मला खुळ्यात काढलं. चौकात उभं करून टाळ्या वाजवल्या." मग ते म्हणाले, "किल्ली ठेवून जा."

गोपाळने किल्ली टेबलावर ठेवली. जाताना दार त्याने हळूच लोटलं, ते नीट लागलंही नाही.

प्रदर्शनात इंजिन येणार नाही असं प्रतिभाबाईंनी धरलं होतं. आलं. मधल्याच टेबलावर आलं, पण खाली एक आरसा आडवा ठेवलेला, आणि इंजिन त्यावर दोन ठोकळ्यांवर उचललेलं. वरून हिरवं इंजिन दिसायचं, वाकून आरशात पाहिलं की पोटातला निळा दिसायचा. शेजारी श्रीपादरावांच्या सुबक अक्षरात पाटी होती: बांधणी, श्रीपाद बिवलकर. खालचा रंग, श्रीपाद बिवलकर. वरचा रंग, गोपाळ पागनीस.

लोक वाकले, हसले, काहींना गंमत वाटली, काहींना कळलं आणि ते पुढच्या टेबलाकडे सरकले. गोपाळने पाटी दोनदा वाचली. "हे कशाला रे," एवढंच म्हणाला, आणि आरतीला न थांबता निघून गेला. समाजाच्या अध्यक्षांनी विचारलं, ही काय भानगड, तेव्हा श्रीपादराव म्हणाले, "जे मीटरात आलं ते लिहिलंय."

महिन्याभराने कुरियरने नवं नोझल आलं. श्रीपादरावांनी जुनं मेण टोकरून काढलं. नवं मेण देवघरातून मागितलं नाही, बाजारातून मेणबत्तीवाल्याकडून मधमाश्यांचंच शोधून आणलं. दोन वेढे दिले, नोझल चिमटीने बसवलं. बुडबुडे थांबले. पांढऱ्या पुठ्ठ्यावर त्यांनी नवा कालवलेला हिरवा मारला. थर पडला मऊ, सारखा, आणि रंग तो होता, धुराखालचा, शनिवारचा. नव्या डोळ्यांनी, पहिल्या झटक्यात.

पुठ्ठा हातात घेऊन ते जिन्यापर्यंत गेले. "प्रतिभा" म्हणून हाक मारायला तोंड उघडलं. खाली कुकरची शिट्टी झाली. ती वर येईल, पदराला हात पुसत पुठ्ठा उजेडात धरेल आणि म्हणेल, छान झालंय. तेव्हाही ती असंच म्हणाली होती.

ते परत फिरले आणि पुठ्ठा खिडकीत वाळत ठेवला.