बायकांचा बाजार आणि बंद दार

केंद्रातल्या एका मंत्रालयातून मला दोन वर्षांसाठी राजधानीतल्याच राज्य सरकारच्या नियोजनाच्या कामावर पाठवलं, तेव्हा मी खूश होते. निदान जवळपासची कामं डोळ्यांनी दिसतील, असं वाटलं होतं.

त्यातली एक योजना बायकांच्या बाजाराची होती. फुटपाथवर बसणाऱ्या विक्रेत्या बायकांना गाळे, वर छप्पर, वीज आणि स्वच्छतागृह. आर्थिक विकास आणि नागरी सुविधा, दोन्ही एकाच पुस्तिकेत दाखवता येत होतं. पुस्तिका मीच लिहिली. ‘पाणीपुरवठ्यासह स्वतंत्र स्वच्छतागृह’ हे शब्द माझे. बाजार मयूर विहारच्या माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर होता, तरी मी गेले नाही. बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला फायलीत होता, तेवढ्यावर माझं भागलं.

पहिल्यांदा गेले ती ओढणी घ्यायला, जूनच्या उन्हात. ओढण्या विकणारी बाई पन्नाशीची, बिहारकडची. तिचे ओठ तडकलेले पाहून मी माझी बाटली पुढे केली, तर तिने हातानेच नको म्हटलं. सकाळी नऊला आल्यावर रात्री घरी जाईपर्यंत ती पाणी पीत नसे. स्वच्छतागृहाला उद्घाटनापासून कुलूप होतं. पुरुष मागच्या भिंतीशी जात, बायकांनी कुठे जायचं? दोनदा तिला लघवीचा संसर्ग होऊन ताप भरला होता. मी सरकारी ऑफिसात आहे कळल्यावर ती म्हणाली, “दीदी, बस ताला खुलवा दीजिए.” मी हो म्हटलं आणि तिला माझा नंबर दिला.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. त्यांनी चहा मागवला, शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, आपल्या फॉर्मात ‘बांधकाम पूर्ण’ असा रकाना आहे. ‘वापरात’ असा रकाना नाही.”

तरी मी टिपण लिहून पालिकेकडे पाठवलं. पालिकेने कळवलं की इमारत त्यांच्या ताब्यात दिलेलीच नाही. जमीन केंद्राच्या अखत्यारीतली, म्हणून टिपण तिकडे गेलं. तिथून ‘हा विषय राज्याचा’ असा शेरा घेऊन माझ्याच टेबलावर परतलं. त्या दिवशी आमच्या मजल्यावरच्या स्वच्छ, फिनेलचा वास येणाऱ्या बाथरूममध्ये हात धुताना मला स्वतःची किळस आली.

ऑगस्टमध्ये बायकांनी दगडाने कुलूप फोडलं. ओढणीवालीचा फोन आला, तशी मी ऑफिसातून थेट तिकडे गेले. आत पांढऱ्या फरश्या, चकचकीत नळ, कमोडवर अजून प्लास्टिक गुंडाळलेलं. नळ फिरवला, थेंबही आला नाही. खाली वाकून पाहिलं तर बेसिनचा पाइप भिंतीशीच संपला होता. मागे टाकी नव्हती, मलवाहिनी नव्हती. कोणा बाईला धरवलं नव्हतं, ती एका कमोडवरचं प्लास्टिक फाडून बसून गेली होती, आणि ते तसंच साचून होतं. त्या घाणीपेक्षा मला ‘पाणीपुरवठ्यासह’ या माझ्या शब्दाची जास्त शिसारी आली.

मी त्यांना सांगून टाकलं की ती पुस्तिका मी लिहिली आहे. कोणी आवाज चढवला नाही. ओढणीवालीने फक्त विचारलं, “आप एक बार भी देखने नहीं आईं?”

आठवड्याभरात त्या बायकांवरच सार्वजनिक मालमत्तेची नासधूस केल्याची तक्रार झाली. मी पोलीस चौकीत जाऊन फोटो दिले आणि इमारत अपुरी असल्याचा लेखी जबाब दिला. तक्रार तिथेच विरली. पुढच्या अहवालात मी ‘अपूर्ण’ लिहिलं. थोड्याच दिवसांत माझी मुदत संपायच्या आत मला मंत्रालयात परत पाठवल्याचं पत्र आलं. साहेबांनी निरोपाला समोसे मागवले होते, मी ते तोंडात घातले नाहीत. छापून आलेल्या अहवालात ‘पूर्ण’ होतं.

ओढणीवालीने गाळा सोडला. आता ती एका दवाखान्याच्या फाटकाशी फुटपाथवर बसते. तिथली सफाईवाली तिला आतलं बाथरूम वापरू देते. मागच्या आठवड्यात भेटली तेव्हा गिऱ्हाइकाशी घासाघीस चालू होती. मला पाहून तिने बसायला स्टूल सरकवलं आणि पाणी दिलं. मग स्वतःही प्यायली.