पाकिटातला दुसरा कागद

बाबा गेले तेव्हा त्यांचे कपडे एका पिशवीत मावले. कागदांना मात्र पत्र्याच्या दोन ट्रंकाही पुरल्या नाहीत. तलासरीपासून गंजाडपर्यंतच्या पाड्यांवर त्यांनी उभा जन्म शाळा चालवल्या आणि रोज संध्याकाळी डायरी लिहिली. कुठल्या घरची पोरं भातलावणीला गेली, फळा कोणी काळा केला, पाण्यासाठी किती लांब जावं लागलं, सगळं त्यात आहे. आलेलं प्रत्येक पत्र वाचून तारेत ओवायचे. माणसांशी मोजकंच बोलायचे. त्यांचं सगळं बोलणं कागदाशी. याचा मला लहानपणापासून राग होता आणि तो त्यांच्यामागेही गेला नाही.

२०१६ च्या दिवाळीनंतर मुंबईहून एक संशोधक मुलगी मसोलीच्या आमच्या घरी आली. या भागातल्या जुन्या शिक्षकांची चरित्रं ती लिहीत होती. बाबांचे कागद ग्रंथालयात नीट जपून ठेवू, म्हणाली, पण आधी यादी हवी. ते काम मी अंगावर घेतलं. माझी सगळी नोकरी सरकारी कचेरीच्या अभिलेख कक्षात गेली होती. लोकांच्या पणजोबांच्या वेळचे जमिनीचे फेरफार मी धुळीतून उपसून त्यांच्या हातात ठेवले होते. मुलीने पहिल्याच दिवशी पिशवीतून पांढरे हातमोजे काढून घातले. मी म्हटलं, "अगं, या कागदांवर झुरळांनी संसार थाटलेत. तू कुणाचं सोवळं पाळतेस?" ती हसली, पण हातमोजे काही उतरवले नाहीत. तिथेच ती मला आवडली.

यादी करण्यामागचं खरं कारण मी तिला सांगितलं नव्हतं. मला आईचं अक्षर पाहायचं होतं.

मी चार वर्षांची असताना आई क्षयाने गेली. दुखणं कळल्यावर तिला कोकणात माहेरी पाठवलं आणि मला मसोलीला आत्याकडे ठेवलं. ती गेल्यावर आत्याने तिची लुगडी, उशी, फणी, घरी आलेली पत्रं, सगळं जाळलं. आत्याला मी बोल लावत नाही. तिला मला जगवायचं होतं. पण माझ्यापाशी आईचं काहीच उरलं नाही, साधा फोटोसुद्धा नाही. चेहऱ्याची आशा मी केव्हाच सोडली होती. अक्षराची सुटत नव्हती. बाबा तेव्हा तलासरीकडच्या एका पाड्यावर शाळेतच राहायचे. तिथल्या पत्त्यावर आलेलं एखादं पत्र आत्याच्या तावडीतून सुटलं असेल, असं मी मनाशी धरून बसले होते.

चार महिने आम्ही पत्रं सोडवत होतो. तारेतून एकेक कागद काढायचा, मधल्या भोकाला धक्का न लावता उलगडायचा, कोणाचा ते बघायचं. अनोळखी बायकी अक्षर दिसलं की माझा जीव वरखाली व्हायचा. मग खाली सही कुठल्याशा पर्यवेक्षिकेची निघायची, नाहीतर बाबांच्या चुलत बहिणीची, जिला लोणच्याच्या बरण्यांखेरीज दुसरा विषय नव्हता. एकदा तर मी त्या बिचाऱ्या बहिणीवर मोठ्याने चिडले. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. शेवटी मी तिला सगळं सांगितलं.

तिने त्या वर्षाची डायरी शोधून काढली. आई गेल्याची बातमी आली त्या दिवशी बाबांनी जेमतेम तीन ओळी लिहिल्या होत्या. सकाळी ते पोरं गोळा करायला पाड्यावर गेले होते. परतले तर शाळेतले दुसरे मास्तर दारातच उभे. त्यांनी बातमी सांगितली आणि पाकीट आलं होतं ते फाडलं म्हणाले.

"दुसऱ्याचं पाकीट त्यांनी का फाडलं?" मुलीने विचारलं.

मी तिला समजावलं. अशुभ पत्र घरात ठेवायचं नाही, उंबऱ्याबाहेर वाचायचं, तिथेच फाडायचं आणि अंघोळ करायची, अशी जुनी रीत. पत्रावर तसं लिहिलेलंच असायचं. त्यामुळे मालक घरी नसला तर ज्याच्या हाती पडेल तो उघडायचा आणि वाचून फाडायचा. यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

तिने डायरीतल्या ‘पाकीट’ या शब्दावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "पण मावशी, नुसती बातमी तर कार्डावर मावते. पाकीट कशाला?"

सगळी नोकरी कागदांत काढली आणि हे माझ्या लक्षात येऊ नये! पाकीट पाठवायचं तर आत काहीतरी असायला हवं.

ते दुसरे मास्तर हयात होते. ऐंशीला टेकलेले, तलासरीला लेकाकडे राहायचे. बाबांच्या दहाव्याला आले होते तेव्हा माझ्याशी धड बोलले नव्हते. आम्ही दोघी एसटीने गेलो. त्यांनी ओटीवर बसवलं, सुनेकडून चहा मागवला. मुलीने मोबाइल रेकॉर्डिंगला लावून मध्ये ठेवला. शाळेच्या गोष्टी त्यांनी हौसेने सांगितल्या. मग मी पाकिटाचं विचारलं.

"ते बंद कर, पोरी," ते मुलीला म्हणाले. तिने मोबाइल पर्समध्ये ठेवला.

"दोन कागद होते, बाय," ते मला म्हणाले. "तुझ्या मामाचा वर होता. तो वाचला. दुसरा त्याच्या आतच घडी घातलेला, तो मी उघडलाच नाही. मला वाटलं, मामाचंच पुढचं असेल, दिवसपाण्याचं वगैरे. अशुभ हातात फार वेळ धरू नये म्हणतात. ओहोळावर गेलो आणि दोन्ही मिळून फाडले. पाण्यात सोडताना बघतो तर आतल्या कागदाचं अक्षर वेगळं."

"बाबांना सांगितलंत?"

"गुरुजींनी आपणहून विचारलं. तिचं म्हणून काही होतं का रे त्यात? मी नाही म्हणालो." त्यांनी कपाळाला हात लावला. "चोवीस वर्षांचा होतो मी. सांगायची हिंमतच झाली नाही. आणि एकदा नाही म्हटल्यावर मग कधी सांगणार?"

मला त्यांचा संताप आला. इतका, की म्हाताऱ्या माणसासमोर हातातला कप मी आपटून ठेवला. बाबा पुढची पन्नास वर्षं प्रत्येक चिठ्ठीचपाटी तारेत ओवत राहिले. शेवटची ओळसुद्धा न लिहिता बायको गेली, असं समजून राहिले. हे सगळं मी त्यांना बोलले. ते मान खाली घालून ऐकत होते. मुलीने माझ्या दंडाला हात लावला तेव्हा मी थांबले. पण थांबल्यावर राग कुठल्या कुठे गेला आणि उरली ती नुसती हाव.

"अक्षर कसं होतं?" मी विचारलं.

"बारीक. निळी शाई. दोन्हीकडून लिहिलेलं, जागा संपली म्हणून समासातसुद्धा आडवं. वाचलं नाही मी, देवाशपथ. दुसऱ्याच्या बायकोचं पत्र... एक तुकडा बोटाला चिकटून राहिला होता, तेवढा दिसला. वरचा, नाव असतं तो."

"बाबांचं नाव?"

"नाही बाय. गुरुजींना कोण तसं लिहील? लेकराचं नाव होतं ते, लाडाचं. पत्र तुला होतं."

चार वर्षांच्या, अक्षर न येणाऱ्या मुलीला तिने दोन्हीकडून भरून पत्र लिहिलं होतं. कोणीतरी मांडीवर घेऊन ते वाचून दाखवेल, असं तिला वाटलं असणार. मला रडू आवरेना. मुलगी उठून अंगणात गेली.

बऱ्याच वेळाने मी विचारलं, "काय नाव होतं?"

त्यांनी सांगितलं. त्या नावाने मला बाबांनी कधी हाक मारली नव्हती, आत्यानेही नाही. मी ते यादीत लिहिलं नाही आणि इथेही लिहिणार नाही. त्या दिवशी मात्र अठ्ठावन्न वर्षांची मी त्यांच्यापुढे सरकून बसले आणि म्हटलं, "काका, पुन्हा एकदा म्हणा."