काकांचा मूस आणि खरी वॉम्बॅट

गेल्या गणपतीनंतरच्या रविवारी, कांगारू व्हॅलीची सहल आटोपून परतताना, अंधार पडायच्या जरा आधी आमच्या घरमालक काकांवर अन्याय झाला. करणारे सगळे मराठी, सुशिक्षित आणि आमच्याच व्हॉट्सॲप ग्रुपवरचे. काका खोटे फोटो पाठवतात हे मला मान्य आहे. पण इतका प्रामाणिक खोटारडा अख्ख्या ऑस्ट्रेलियात दुसरा सापडायचा नाही.

हॅरिस पार्कमध्ये त्यांच्या मागच्या खोलीत मी भाड्याने राहते. पॅरामॅटाच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून हा इंजिनिअर माणूस कंप्युटरवर जनावरं मोठी करत बसतो. कांगारू ट्रकएवढा, झाडावरचा मांजराएवढा पॉसम म्हशीएवढा. काकूंनी जेवायला हाक मारली की आतून "थांब गं, शेपूट राहिलंय!" एकदा कॅनडातल्या भाच्याने मूसचा फोटो पाठवला. मूस म्हणजे उंटाच्या उंचीचं सांबर, इथे औषधालाही नाही. काकांनी तो कापून थेट ह्यूम हायवेवर उभा केला आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या हातात पोह्यांची बशी देऊन समजावू लागले, "पाय लांब, धड वर. गाडी पायांना धडकते आणि धड काच फोडून तुमच्या मांडीवर!" डँडेनॉन्गहून त्याच हायवेने गाडीने यायचं ठरवलेलं एक कुटुंब तो फोटो बघून विमानाने आलं. काकांना कोण आनंद! जमली नाही ती फक्त सावली. त्यांच्या एकाही जनावराला सावली नसायची.

स्वतः ते चारनंतर साठच्या वर जात नाहीत. "आपल्यामागे वरात लागलीय," काकू म्हणतात. "लागू दे. कांगारू निघायची वेळ आहे."

मी मिठाईच्या दुकानाबाहेर 'संध्याकाळी सावकाश चालवा' अशी पत्रकं वाटते. त्यामुळे आमचं रोज वाजायचं. "काका, तुमच्या एका थापेने माझी खरी पत्रकं खोटी ठरतात!"

"तुझ्या पत्रकावर लोक जिलेबी ठेवून खातात. खऱ्या वॉम्बॅटला, त्या अस्वलाच्या पिल्लासारख्या बुटक्या जनावराला, कोण घाबरतं? मूस म्हटला की पाय आपोआप ब्रेकवर जातो."

तर त्या रविवारी काकांची गाडी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या मागे राहिली होती. आम्ही बाकीचे पुढे एका दुकानात ॲपल पाय खात थांबलो होतो, तेवढ्यात ग्रुपवर फोटो आला: रस्त्याकडेला मेलेली वॉम्बॅट. खाली, 'पिल्लू जिवंत आहे. वळणावर गाड्या थांबवायला माणसं हवीत. लवकर या.' लगेच उत्तरं सुरू झाली. "मूस सुट्टीवर का, काका?" "पिल्लू डायनासोरचं नाही ना?" हसणाऱ्या पिवळ्या चेहऱ्यांची नुसती रांग. मी फोटो मोठा करून पाहिला. हेडलाइटच्या उजेडात त्या जनावरामागे लांबलचक सावली पडली होती. फोटो खरा आहे, मी ओरडून सांगितलं. कोणी खुर्चीतून हललं नाही. मी गाडी वळवली.

वळणावर काकू एकट्या, मोबाइलचा टॉर्च हलवत गाड्यांना हळू करत होत्या. मी त्यांच्या शेजारी उभी राहून पत्रकांचा गठ्ठाच हलवू लागले. काका गवतात बसले होते. पिल्लू आईच्या पोटावरच्या पिशवीतून बाहेर पडलं होतं. ते काकांच्या कानटोपीत, आणि कानटोपी स्वेटरच्या आत.

"आलीस? कोणीच येईना गं." मग मेलेल्या वॉम्बॅटकडे बघून, "हिची पिशवी मागच्या बाजूला उघडते, माहितीये? खणताना माती आत जाऊ नये म्हणून. मी हिला केवढी करून दाखवायचो! बघ, केवढीशी आहे."

काकूंनी फोन करून बोलावलेली प्राणी वाचवणारी बाई आली, तिने टोपीत डोकावून पाहिलं. "गुड ऑन या, मेट," तिने शाबासकी दिली. "टोपी घेऊन जाते हां."

पिल्लू जगलं. काकांनी मात्र त्यानंतर एकही फोटो बनवलेला नाही. ग्रुपवर हल्ली नुसतं गुड मॉर्निंग येतं, आणि मला, खरं सांगते, त्या मूसची आठवण येते. थंडीत काका उघड्या कानांनी फिरायला जातात. टोपी परत मागू का विचारलं, तर म्हणाले, "राहू दे, पिल्लाला लागेल."

तुम्ही त्या ग्रुपवर असा किंवा नसा, संध्याकाळी वेग कमी करा. रस्त्याकडेला जनावर पडलेलं दिसलं तर गाडी नीट बाजूला घ्या, उतरा, पिशवी बघा. आणि डिकीत एक कानटोपी ठेवा. आजच.