अंतरपाटाच्या कडेला

दुपारच्या सामसूम घरात दुधाच्या पातेल्यावरची ताटली आपसूक सरकते आणि खणकन वाजते. ऋजुताचे डोळे किलकिले होतात, पुन्हा मिटतात. लेकीला थोपटता थोपटता तिचाच हात जड झालाय. उशाशी मोबाईल, त्यात निशांतचा सकाळचा निरोप. ‘रविवारी पल्लवीशी लग्न करतोय, साधंच. फोटो तूच काढ ना. शर्वाणीच्या वेळी काढलेस तसे.’

शर्वाणी ऋजुताची जिवाची मैत्रीण, निशांतची पहिली बायको. डेंग्यूनं गेली, त्याला नुकतंच कुठं वर्ष झालंय. पल्लवी निशांतच्या ऑफिसातली. शर्वाणीच्या लग्नालाही ती आली होती. ऋजुताला आठवतं ते एवढंच, आणि तेवढंच सकाळपासून खुपतंय.

ताटली थांबते नि मंगलाष्टकं सुरू होतात.

कार्यालयाच्या स्टेजवर ऋजुता उभी आहे, गळ्यात कॅमेरा. समोर अंतरपाट म्हणून लेकीचं तान्हेपणीचं दुपटं धरलंय. धरणारे हात दिसत नाहीत. खाली खुर्च्या भरलेल्या, पण माणसं भिंतीकडे तोंड करून बसलीत.

“माझ्या लग्नात गाऊन घालून आलीस?” अंतरपाटाअलीकडून शर्वाणी म्हणते. “निदान वरून ओढणी तरी घ्यायचीस गं.” पिवळी अष्टपुत्री, मुंडावळ्या, हिरव्या चुड्याखाली सलाईनची पट्टी.

“तू कशाला आलीस?” ऋजुता सावध होते. गेलेलं माणूस काहीतरी मागायलाच येतं, असं तिची आई म्हणायची.

“वा. माझा संशय येतो, त्याचा नाही?”

“कसला संशय?”

“वेड पांघरू नकोस. मला काय दिसत होतं? कापड. तू कडेला उभी होतीस, दोन्ही तोंडं टिपत होतीस. तो कुठं बघत होता?”

ऋजुता कॅमेरा डोळ्याला लावते. निशांतची मान वर, नजर दुपट्यावरून पलीकडे. त्या नजरेचा माग काढत ती कॅमेरा वळवते. स्टेज सरतं, तिचाच ओटा येतो, ओट्याला लागून दवाखान्यातला बाक. बाकावर निशांत बसल्या बसल्या झोपलाय, मांडीवर शर्वाणीच्या चपला.

“तुझ्या चपला धरून बसलाय बघ,” ऋजुता म्हणते. तिला हायसं वाटतं.

“ते मला ठाऊक आहे. मी लग्नाचं विचारतेय.”

“नाही दिसत गं.”

“दिसत नाही, की सांगवत नाही?”

ऋजुता कॅमेरा खाली घेते. कॅमेऱ्याचा पट्टा मानेला काचतोय.

“बरं,” शर्वाणी म्हणते. “रविवारी जा. फोटो काढ. नवरीचे कुणीही काढेल, तू त्याच्या तोंडासमोर राहा. तेव्हाचं तोंड आणि आताचं तोंड, दोन्ही पडताळून बघ.”

“आणि मग?”

“मग मला सांगू नकोस.”

ती ऋजुताच्या तळव्यात काहीतरी कोंबते, मूठ मिटवते. तिचा हात तापानं फणफणलाय. भटजी सावधान म्हणतात, दुपटं खाली येतं. पलीकडे नुसती कपड्यांची दोरी.

ऋजुता जागी होते. शेजारी तिची लेक इरा उठून बसलीय आणि आईच्या मुठीची बोटं एकेक करून सोडवतेय. तळव्यावर कुंकवानं रंगलेले तांदूळ, घामानं चिकटलेले. इरा त्यातला एक दाणा चिमटीत उचलते, खिडकीच्या उजेडात धरते.

“आई, कुणाच्या लग्नाला गेली होतीस?”