डांबराला नकार

मगन डेंटरच्या डाव्या हाताला दोन बोटं कमी होती. जळगावात भुसावळ रस्त्याला त्याचं पत्र्याच्या छपराचं गॅरेज होतं. नवं गिऱ्हाईक आधी त्या हाताकडे बघे, मग उजव्या हातातल्या हातोडीकडे. बोटं कुठल्या मशिनीत गेली नव्हती. एरंडोलच्या दोन भावांनी ती जॅकच्या दांड्याने ठेचली होती.

ती गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. मगन तेव्हा धुळ्यात एका उस्तादाच्या हाताखाली होता. एका जुन्या जीपचा तळ गंजून चाळणी झाला होता. उस्ताद म्हणाला, "वरून डांबर फास." मगनने फासलं. तळ नव्यासारखा काळाभोर दिसू लागला. दोन महिन्यांनी पारोळ्याच्या पुढे, भर वेगात, तो फाटला आणि मागे बसलेल्या कुंदाबाईचा पाय भोकातून खाली गेला. घोट्याखालचा पाय रस्त्यावरच राहिला. तिचे भाऊ आले तेव्हा उस्ताद पळून गेला होता. मगन पळाला नाही. "हाई काम मन्हंच शे," म्हणून त्याने हात पुढे केला. त्यांनी तो दगडावर ठेवून ठेचला. मगनने त्यांना कधी दोष दिला नाही. पण गंजावर डांबर मागणाऱ्या तिघा गिऱ्हाइकांना त्याने पुढच्या काळात बदडलं, आणि त्यापायी एक रात्र तो कोठडीतही बसून आला.

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात एदलाबादकडचे लीलाधर नाना त्यांची सहासष्ट सालची अॅम्बॅसिडर घेऊन आले. आडदांड देह, केळीचा मोठा बाग, आवाज बांधापलीकडे जाणारा. चार दिवसांवर मुलीचं, सुनंदाचं लग्न होतं आणि तिची पाठवणी याच गाडीतून भडगावला व्हायची होती.

"खालून जरा कुरकुरते. गंज धरू नये असं काहीतरी लावून दे," नाना म्हणाले.

मगनने गाडी गॅरेजातल्या कामाच्या खड्ड्यावर घेतली आणि तो खाली उतरला. मागच्या सीटखालच्या पत्र्याला पांढरी भुकटी चिकटली होती. त्याने चिमूटभर जिभेवर ठेवली आणि थुंकला.

"नाना, गाडीत पोटॅशच्या गोण्या वाहतस?"

"मग? बैलगाडीतून खत येईपर्यंत केळी थांबते का? अन मी दरवेळी विहिरीच्या मोटरने आतून धुऊन काढतो."

"तठेच घात झाया. खारं पाणी रबराखाली बसनं. वरून चकाचक, खालून पापड."

मगनने तीन मार्ग सांगितले. जळकं ऑइल मारायचं, तर पत्रा धड हवा. शिवाय ते दरवर्षी मारावं लागतं. डांबर लावलं तर गंज झाकला जातो, थांबत नाही. सडका पत्रा कापून नवा जोडायचा, गंज रोखणाऱ्या रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वरून रबरी काळा थर, हा खरा उपाय. त्याला आठ दिवस.

"लग्न चार दिवसांवर आलं, येड्या! डांबर लाव."

"डांबर लावाव नही मी."

"नको लावू. समोर भिकनचा डांबराचा डबा तापलेलाच आहे. संध्याकाळी गाडी माझ्या दारात."

रस्त्यापलीकडच्या गॅरेजातून भिकनने हसत हात हलवला. नाना चावी घ्यायला वळले. भिकनने डांबर लावलं की गंज दिसणार नव्हता, आणि त्याच सडक्या पत्र्यावर सुनंदा पाय ठेवून बसणार होती. मगनने खड्ड्यातच हातोडी उचलली.

पहिल्या घावात तळाला मूठभर भोक पडलं. दुसऱ्यात तळाला आधार देणारा चॅनल वाकला. तिसऱ्यात ताटाएवढा तुकडा त्याच्या खांद्यावर कोसळला.

"अरे! माझी गाडी!" नाना ओरडले. त्यांनी डिकीतून जॅकचा दांडा काढला, खड्ड्यात उडी टाकली आणि मगनच्या पाठीत घातला. मगन वाकला, सरळ झाला आणि वर मारत राहिला. दुसरा दांडा गळ्याजवळच्या हाडावर बसला. काड्कन आवाज आला. हातोडी गळाली. मगनने ती डाव्या हाताच्या तीन बोटांत धरली आणि आणखी एक घाव घातला.

"थांब! जीव घेईन तुझा!"

"ल्या! पन तिना पाय त्या भोकात नका घालू."

तिसरा दांडा कपाळावर बसला. मगन खड्ड्याच्या भिंतीला टेकून खाली घसरला.

नाना धापा टाकत वर आले. गाडी तशीच भिकनकडे न्यायची, या रागात त्यांनी आतलं सामान बाजूला सारायला मागचं दार उघडलं. तळावर अंथरलेलं रबर लोंबत होतं. ते त्यांनी उपटून फेकलं आणि थबकले. सीटच्या पुढे, पोरीचे पाय यायचे नेमक्या त्या जागी, मगनचा रक्ताने भरलेला चेहरा त्यांना दिसला. दोघांच्या मध्ये काहीच नव्हतं. भोकाच्या कडेला धड वाटणाऱ्या पत्र्यावर नानांनी अंगठा दाबला. अंगठा आरपार गेला.

बराच वेळ त्यांनी तो बाहेर काढला नाही.

"किती दिवस म्हणालास?"

"आठ. आते हाड मोडनं, पंधरा." मगनने रक्त पुसलं. "पोरले जीप करी द्या. तळ ठोकी बघा आधी."

नानांनी जीप ठरवली, तीही तळाला चारी कोपऱ्यांत दांडा ठोकून. जीपवाल्याने हुज्जत घातली तेव्हा त्याच्याही कानाखाली बसली. सुनंदा भडगावला धड पोचली.

मगनचं हाड वाकडं जुळलं. खांदा कायमचा खाली गेला. अॅम्बॅसिडरचा तळ मात्र सरळ झाला. दर मे महिन्यात नाना स्वतः गाडी आणत, खड्ड्याच्या कडेला बसत, आणि मगन थर खरवडून पुन्हा लावी.

नव्वद साली मगनने डिकी उघडली, तर कोपऱ्यात पांढरे दाणे. त्याने एक जिभेवर ठेवला आणि थुंकला. मग शांतपणे येऊन त्याने नानांच्या तोंडात मारली. भिकन रस्त्यापलीकडून बघतच राहिला.

नानांनी टोपी उचलून झटकली, डोक्यावर ठेवली.

"एकच गोणी होती रे," ते म्हणाले आणि डिकी धुवायला बादली शोधू लागले.

"पानी नका मारू!" मगन ओरडला, आणि त्याने कोरडं फडकं त्यांच्या अंगावर फेकलं.