तलवारीचं पाठांतर

हे सांगायचं नाही असं ठरलं होतं. ठरवलं श्रीधरदादानं. मी नुसती मान हलवली, कारण मला बोलण्यापेक्षा मान हलवणं सोपं जातं. पण आमच्या माडीवर जे चालतं ते पूर ओसरल्यावर घाटावर गाळ साठतो तसं साठत जातं. उपसलं नाही तर चालायला जागा उरत नाही. म्हणून थोडं उपसते.

श्रीधरदादा माझा चुलतभाऊ. काका इथे काशीत दशाश्वमेध घाटावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी करतात आणि सकाळी घरी मुलांना वेद शिकवतात. दादाही त्यांच्याकडेच शिकला, आता कॉलेजात आहे. त्याच्या कॉम्प्युटरभोवती रोज संध्याकाळी तिघं जमतात: दादा स्वतः, शेजारचा बंटी, आणि निनाद. निनादचे बाबा बँकेत आहेत, बदली होऊन नागपूरहून आलेत.

तिघं तलवारबाजीचा एक गेम खेळतात. त्यात बटण दाबलं की वार झाला असं नसतं. माऊस हलवला की माणसाचा हात हलतो, हाताबरोबर तलवार, आणि तलवारीच्या वजनानं अख्खा माणूस. जोरात फिरवली तर तो स्वतःच कोलमडतो. आखाड्याच्या दाराशी दगडी पायऱ्यांवर एक गदावाला उभा असतो, त्याला हे लोक पहिलवान म्हणतात. तो पडला की दार उघडतं आणि पुढचा गेम सुरू होतो. दादानं नियम केला, जो पहिलवानाला पाडेल त्याची संध्याकाळची खुर्ची.

"मी पण?" मी एकदा विचारलं.

"तू बघ ना," दादा म्हणाला. "बघण्यातही मजा असते."

मला ती खुर्ची हवी होती. तेव्हापासून मी जिन्याच्या वरच्या पायरीवर गृहपाठ घेऊन बसते आणि बघते. मजा असते हे मात्र खरं.

*

पहिल्या दिवशी दादानं खुर्ची झटकली, बाह्या सरसावल्या आणि "नीट बघा, पुन्हा दाखवणार नाही" असं म्हणून तलवार उपसली. उपसताना ती इतक्या जोरात आली की त्याचा माणूस स्वतःभोवती फिरला, पाय पायात अडकला आणि पायऱ्यांवरून गडगडत खाली जाऊन मेला.

पहिलवान तेव्हा दारातून नुकता बाहेर येत होता. तो थांबला. इकडे तिकडे बघितलं.

बंटी हळहळला. "भैया, अब ई बेचारा लड़े किससे?"

"कॉम्प्युटर लॅग होतोय," दादा म्हणाला.

*

निनाद अभ्यासू आहे. त्यानं या गेमवरचे सगळे व्हिडिओ बघितलेत, तेही दुप्पट वेगानं. त्यामुळे तो बोलतोही तसाच.

एका संध्याकाळी त्यानं दादाच्या पाटीवर माणूस काढला, त्याच्या पोटात एक ठिपका दिला आणि "सगळा खेळ या सेंटर ऑफ मासचा आहे" यावर बोलत राहिला. चहा झाला, भजी झाली. काकूनं दिवा लावला. ठिपका पोटातच होता.

मग तो खुर्चीत बसला. बसल्या बसल्या भलतंच बटण दाबलं आणि त्याच्या माणसानं तलवार टाकून दिली. ती उचलायला तो वाकला आणि वाकला तो तसाच पुढे तोंडावर आपटला. पहिलवानानं गदा उचललीसुद्धा नाही. नुसता येऊन त्याच्या पाठीवर उभा राहिला.

"थिअरी बरोबर आहे," निनाद म्हणाला. "एक्झिक्यूशनला प्रॉब्लेम आहे."

"थिअरी को भी उठाइए, भैया," बंटी म्हणाला. "दब रही है."

*

बंटी स्वतः कधी हरत नाही. तो खेळतच नाही. "अपना टाइम आएगा तब देखना," असं तो पावसाळ्यापासून सांगतोय.

*

मग दादाला उपाय सुचला. तो आमच्याच घरात सुचू शकतो.

काका मुलांना जटापाठ शिकवतात. त्यात दोन शब्द आधी सरळ म्हणायचे, मग उलटे, मग पुन्हा सरळ, आणि मग पुढचा शब्द जोडून तेच. असं म्हटलेलं जन्मात विसरत नाही. दादा म्हणाला, "आपण मूर्ख आहोत. हाताला पाठांतरच नाही, तर हात चुकणारच."

त्यानं तलवारीचे वार घेतले आणि त्यांची जटा बांधली. तिघं मांडी घालून बसले आणि एका सुरात सुरू झाले: "वर उजवीकडे, उजवीकडे वर, वर उजवीकडे. उजवीकडे खाली, खाली उजवीकडे, उजवीकडे खाली." माना पण हलत होत्या. बंटीला अर्थ कळत नव्हता, पण त्याचा आवाज सगळ्यांत मोठा.

पाठ झाला आणि दादा खुर्चीत बसला. "वर उजवीकडे" म्हणत त्यानं वार काढला, चांगला निघाला. मग "उजवीकडे वर" म्हणत तलवार जिथून आली होती तिथेच परत नेली. पहिलवान समोर उभा राहून बघत होता. तिसऱ्या वेळी "वर" म्हणेपर्यंत त्यानं गदा घातली.

"पाठ पूर्ण होऊ द्यायला पाहिजे त्यानं," दादा म्हणाला.

हे इथेच संपलं असतं. पण काका खाली झोपाळ्यावर होते. वरून एका सुरात चाललेलं त्यांच्या कानावर गेलं, शब्द काही पोचले नाहीत. त्यांनी काकूला हाक मारली. "ऐकलंस? श्रीधर परत पाठाला बसला." काकूचे डोळे भरून आले, आणि ती तिघांसाठी मलाई घातलेलं दूध घेऊन वर आली. तिघांनी ते प्यायलं.

दुसऱ्या दिवशी जेवताना काकांनी अगदी हळूच विचारलं, "काल कुठलं सूक्त चाललं होतं रे?"

दादानं भाताकडे बघत उत्तर दिलं, "कठीण आहे, बाबा. अजून बसायचंय."

*

बघता बघता मला एक दिसलं होतं. हे तिघं हातांकडे बघत होते. पहिलवान हातानं लढतच नव्हता. तो आधी पाऊल टाकायचा, मग त्यावर वजन द्यायचा, गदा त्या वजनामागून यायची. पंचगंगा घाटाच्या ओल्या पायऱ्या आपण अशाच उतरतो, पाय आधी आणि वजन मागून. उलटं केलं तर गंगेत. आणि गदा घालून झाल्यावर क्षणभर त्याचं सगळं वजन एकाच पायावर असायचं.

बराच धीर करून मी बोलले, "दादा, हात नंतर. आधी पाय."

तिघांनी वळून बघितलं. मला वाटलं, विचारतील.

"वेणे," दादा म्हणाला, "चहा आण."

*

दुपारी शाळेच्या प्रोजेक्टसाठी मला कॉम्प्युटर मिळतो. दादा तेव्हा कॉलेजातून परस्पर काकांकडे घाटावर गेलेला असतो. प्रोजेक्ट झाला की मी आखाड्यात जायचे. टेबल उंच पडतं म्हणून खुर्ची वर करून घ्यायचे.

मी तलवार उपसलीच नाही. आधी नुसतं उभं राहायला शिकले, मग चालायला, मग पायऱ्या उतरायला. खूप पडले. पडल्यावर उठायचं कसं हेही त्या गेममध्ये शिकावं लागतं, आणि ते कुठल्याच व्हिडिओत नसतं, असं निनादच म्हणाला होता. तलवार पुष्कळ नंतर हातात घेतली.

एका दुपारी पहिलवानानं गदा घातली. मी एक पाऊल बाजूला झाले आणि त्याच्या त्या एकट्या पायाला तलवार नुसती टेकवली. तो इतका हळू पडला की मला वाईट वाटलं. दार उघडलं. खाली काकू मिक्सर लावत होती. मी खाली जाऊन तिला कोथिंबीर निवडून दिली.

*

संध्याकाळी तिघं आले तर स्क्रीनवर दार उघडं.

तिघं स्क्रीनवर वाकले. मग निनाद म्हणाला, "माझ्या कालच्या वाराचं डॅमेज उशिरा मोजलं गेलं असणार." बंटीनं कानाला हात लावून संकटमोचन हनुमानाच्या देवळाच्या दिशेला नमस्कार केला.

दादा खुर्चीत बसला. त्याचे पाय जमिनीला पोचेनात. खुर्ची खाली करायची मी विसरले होते. त्यानं खाली बघितलं, मग जिन्याकडे, माझ्याकडे. माझं बोट वहीत होतं ते तिथेच राहिलं.

"मी पाडला," दादा म्हणाला. "सकाळी. तुम्ही झोपला होतात."

नंतर जिन्यात त्यानं मला गाठलं. "कोणाला बोलू नकोस हं वेणे. तुला काय फरक पडतो?"

मी मान हलवली. फरक पडत होता. खुर्ची आता त्याची होती, रोज, नियमानं.

*

पहिलवान पाडणारा दादा गल्लीत मोठा झाला. लोक "एकदा दाखव" म्हणायला लागले. पहिलवानाला सरावासाठी परत बोलावता येतं, त्यामुळे सबबही उरली नाही. दादानं मनगटाला क्रेप बँडेज बांधलं. "मुरगळलंय. डॉक्टरांनी माऊस बंद सांगितलाय." दिवाळी आली तरी बँडेज सुटलं नाही.

आज मात्र निनादनं राजा घाटाकडची मुलं बोलावून आणली आहेत. माडी भरली आहे, वरची पायरीही गेली, म्हणून मी जिन्याच्या तळाशी बसून हे लिहिते आहे. वरचं सगळं ऐकू येतंय.

आधी दादाचा आवाज आला, "दाखवलं असतं रे, पण हात."

मग बंटीचा, अगदी प्रेमळ, "भैया, कल तो पट्टी दाहिने हाथ में थी."

सगळे हसले. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. आता शांत आहे. दादा बसला असणार. एकदा धप्प झालं, मग हसणं. परत धप्प, पण या वेळी हसणं कमी. मुरगळलेला हात कोणता हे आता कोणी विचारत नाहीये. पहिलवान परत दाराशी उभा राहिला असेल. त्यानं गदा डाव्या खांद्यावर घेतली असेल तर

"वेणू!"

दादाची हाक आहे. वेणे नाही, वेणू.

"चहा ठेवते," मी खालूनच ओरडले.

"चहा नको. वर ये तू. आणि ऐक, खुर्ची वर करून ठेवलीये."

सगळे वळून बघत असणार. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवलाय, वही हातातच आहे. पण गदा डाव्या खांद्यावर असेल तर आधी उजवा पाय टाकायचा, घाई करायची नाही, आणि मग वजन