उज्वला मॅडमचा दक्षिण ध्रुव

सिन्नरच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या उज्वला मॅडम माहेरच्या देवळ्याच्या. आवाज खणखणीत, हट्ट त्याहून खणखणीत. गेल्या वर्षी तालुक्याच्या प्रदर्शनात, शिक्षकांच्या गटात, त्यांचा ज्वालामुखी पेटलाच नाही. तेव्हापासून शाळेतले मनोज सर रोज विचारतात, "मॅडम, काडीपेटी देऊ का?" यंदा पहिला नंबर आणून ते तोंड बंद करायचंच, असं बाईंनी ठरवलं.

यंदा मांडायचा होता दक्षिण ध्रुव. तिथल्या किनाऱ्याला जमिनीवरचा बर्फ पुढं सरकत समुद्रावर तरंगतो. वर कडाक्याची थंडी, पण खोलातलं कोमट, खारं पाणी त्याचा तळ कुरतडतं. हा तरंगता बर्फ मागच्या बर्फाला अडवून धरतो. तो फुटला की मागचा समुद्रात उतरायला मोकळा.

आदल्या संध्याकाळी घरी तालीम. बाईंनी मिठाचा डबा उचलला, तर सासूबाई नवसाबाई आडव्या.

"दिवे लागले. आता मीठ सांडायचं नाय. लक्ष्मी जाती."

"आत्या, हे विज्ञान आहे!"

"मंग विज्ञानाला सकाळी बोलाव."

झालं! बिनमिठाचंच पाणी कोमट करून, हळद घालून, नळीनं काचेच्या टाकीच्या तळाशी सोडलं. वरच्या गार पाण्यात, जमीन म्हणून ठेवलेल्या विटेला टेकून, बर्फाची लादी. पण पिवळं पाणी हलकं. ते भसकन वर आलं अन् लादी वरच्या अंगालाच वितळू लागली. मीठ असतं तर ते पाणी जड होऊन तळाशी बसलं असतं.

सकाळच्या धांदलीत मीठ घरीच राहिलं. परीक्षक शेजारच्या टेबलाशी पोचले, अन् बाई अजून पिशव्याच उपसत होत्या. तेवढ्यात जीपनं आलेल्या नवसाबाई गर्दीतून घुसल्या. पदराखाली खडेमिठाची पिशवी.

"इसरलीस ना? सांजच्याला तर लय भांडत व्हतीस!"

कोमट पाण्यात मीठ ढवळलं, हळद पडली, नळी तळाशी गेली. पिवळा थर गुमान खाली बसला, लादीच्या बुडाला भिडला.

शेजारचं टेबल सावकाश आटोपून परीक्षक आले, त्यांनी लादीवर वरून बोट टेकवलं. "वरून तर टणक आहे. वितळतंय कुठं?"

"खाली वाका, सर."

बूड पोखरून पार कमान झाली होती. परीक्षक वाकले आणि कट्! लादीचा मोठा तुकडा त्यांच्या नाकासमोर सुटला.

"अरे वा!" परीक्षकांनीच आधी टाळी वाजवली.

संध्याकाळी पहिल्या नंबराची ढाल स्टाफरूमच्या टेबलावर आली. मनोज सरांनी पेपरात डोकं खुपसलं.

"सर," उज्वला मॅडमनी हात पुढं केला, "ती काडीपेटी द्या आता. सगळ्यांना चहा ठेवायचाय."